बसवंतरावांच्या छातीची चोरी

१

‘ज्ञान सूर्यासारखं असतं. त्याला दार नसतं, कुलूप नसतं आणि तिकीट नसतं.’

सेलूच्या अमृत डॉक्टरांनी हे वाक्य संगमरवरी फरशीवर कोरून घेतलं होतं आणि ती फरशी दवाखान्याच्या माडीच्या दारावर बसवली होती. त्या गुरुवारी सकाळी त्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली सापडत नव्हती.

माडीवर ‘शिवार-वैद्यक’ या नियतकालिकाची कचेरी होती. नियतकालिक म्हटल्यावर कागद आला असं कुणी समजू नये. ते इंटरनेटवरच निघे. खेड्यापाड्यांतले डॉक्टर आपल्याकडे आलेल्या अवघड रुग्णांबद्दल त्यात लिहीत. लिहिणाऱ्याला पैसे पडत नसत, वाचणाऱ्यालाही पडत नसत. खर्च अमृत डॉक्टर करीत आणि तक्रार त्यांच्या पत्नी करीत.

अशा नियतकालिकाला एक नैतिकता समिती असावी लागते, आणि त्या समितीत डॉक्टर नसलेला एक शहाणा माणूस असावा लागतो. यातली पहिली अट पुरी करणं सोपं होतं. दुसरीसाठी डॉक्टरांनी नर्मदाबाईंना गाठलं. बाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि त्यानंतर त्यांनी तालुक्यातली लग्नं जमवण्याचं काम अंगावर घेतलं होतं. मुलाकडचे काय लपवतात आणि मुलीकडचे काय लपवतात, हे त्यांना चहाच्या पहिल्या घोटाला कळे. दुसरा घोट त्या खात्री करायला घेत.

तर डॉक्टर किल्ली शोधत होते, बाई पायरीवर बसल्या होत्या, आणि खालून आरोळी आली.

“डॉक्टरसाब! ओ डॉक्टरसाब! माझी छाती चोरीला गेली!”

२

आरोळी मारणारे बसवंतराव म्हणजे मोंढ्यातले कापसाचे व्यापारी. माणूस धिप्पाड, आवाज त्याहून धिप्पाड. खिशात बटणांचा जुना मोबाईल, त्याचं झाकण रबराने बांधलेलं.

त्यांच्या छातीची हकीकत अशी. बसवंतराव लिंगायत. गळ्यातल्या दोऱ्यात डबी, डबीत इष्टलिंग. ती डबी छातीवर जिथे टेकायची, बरोबर तिथे त्यांना चट्टे उठले. बसवंतरावांनी कडुनिंबापासून गोमूत्रापर्यंत सगळं लावून पाहिलं आणि शेवटी वालूरच्या दवाखान्यातल्या डॉ. सुकेशनीला दाखवलं. सुकेशनीने त्यांच्या पाठीवर निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या चिकटवून तपासणी केली, डबी काढून लिंग सुती कापडात बांधायला सांगितलं, आणि चट्टे गेले. मग तिने त्यावर लेख लिहिला. ‘शिवार-वैद्यक’ने तो छापला. सोबत बसवंतरावांचा गळ्यापासून कमरेपर्यंतचा फोटो होता. चेहरा नव्हता, पण ते धड सेलूत दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं.

तेव्हापासून बसवंतराव भेटेल त्याला सांगत, “मला चांदी सोसत न्हाई! जगात छापून आलंय!” चांदी न सोसणारा मोंढ्यातला हा पहिलाच व्यापारी, त्यामुळे लोक कौतुकाने ऐकून घेत. येत्या रविवारी तर त्यांनी घरी पेढे आणि जाहीर वाचन ठेवलं होतं.

“आन् आता पानच न्हाई,” बसवंतराव म्हणाले. “लोकाला काय वाचून दाखवू? माझं तोंड?”

तेवढ्यात किल्ली सापडली. ती डॉक्टरांच्या खिशातच होती. संगणक सुरू झाला. डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. इंग्रजी लेख जागच्या जागी होता, फोटोसुद्धा होता. नव्हता तो मराठी सारांश. रुग्णाला स्वतःच्या भाषेत कळावं म्हणून प्रत्येक लेखासोबत असं एक पान ते अलीकडे देऊ लागले होते. हे पान नर्मदाबाईंनीच लिहिलं होतं.

बसवंतराव गेल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, “बाई, हे वाईट झालं. एकदा प्रसिद्ध झालेलं गुपचूप काढता येत नाही. काढलं तर कारण देऊन जाहीर सूचना लावावी लागते. मी सोमवारी लावणार.”

“लावा की. कारण काय देणार?”

“तेच वाईट आहे. बघा ना. इंग्रजी ठेवलं, मराठी काढलं. म्हणजे जगापासून लपवायचं नव्हतं, रुग्णापासून लपवायचं होतं. रुग्णापासून लपवायची गरज कुणाला?”

“कुणाला?” बाईंनी विचारलं.

“लिहिणाऱ्याला,” डॉक्टर म्हणाले. “सुकेशनीने बसवंतरावांना न विचारताच काहीतरी छापलं असणार. संमतीत गडबड आहे.”

३

सुकेशनी वालूरला बाह्यरुग्ण विभागात बसली होती. पुढच्या आठवड्यात तिची एका मेडिकल कॉलेजात त्वचारोगाच्या जागेसाठी मुलाखत होती. तिच्या नावाखाली ‘संमतीबद्दल संशय’ अशी सूचना लागली की ती तिथे कायमची राहणार. मुलाखत घेणारे आधी नाव शोधतात, मग उमेदवाराला आत बोलावतात.

“मॅडम, संमती आहे,” ती म्हणाली. “फोटोची आहे, लेखाची आहे. मी स्वतः दुकानात बसून त्यांना समजावून सांगितलं.”

“सगळं?”

सुकेशनीने रक्तदाब मोजायच्या यंत्राची नळी नीट गुंडाळली. मग सोडली. मग पुन्हा गुंडाळली.

“रुग्ण आणि मी काय बोललो, ते मी सांगणार नाही.”

“अगं पोरी, त्याच्यावर तुझी मुलाखत अडकलीय.”

“माहीत आहे, मॅडम.”

“मग तुला माहीत आहे कुणी काढलं ते?”

“नाही. अंदाज आहे.” ती उठली. “पण तो अंदाज ज्यावरून आला, ते मला रुग्णाने विश्वासाने सांगितलंय. मुलाखतीसाठी ते बाहेर काढलं, तर मग मी त्या जागेवर बसून शिकवणार काय?”

नर्मदाबाईंनी आजवर शेकडो मुली पाहिल्या होत्या. काही लपवताना मुली खाली बघतात. ही सरळ डोळ्यांत बघून लपवत होती. बाईंना एकदम तिच्यासाठी एक चांगलं स्थळ आठवलं, पण वेळ ती नव्हती.

एसटीत बसल्यावर त्यांनी विचार केला. पान काढायचं तर ते काढणारा हात एकच. ‘शिवार-वैद्यक’ची वेबसाइट सांभाळायचा भुजंग. आणि भुजंगाला खोटं बोलता येत नाही, हे त्याचं लग्न जमवताना त्यांना भलतंच महागात पडलं होतं.

४

भुजंगाचं कॉम्प्युटरचं दुकान स्टेशनरोडला. घरची मेंढरं भावाकडे, कॉम्प्युटर ह्याच्याकडे, अशी वाटणी झालेली. तो लग्नपत्रिका करी, फोटोंवरचे डाग काढी, आणि फावल्या वेळात वैद्यकीय ज्ञान जगभर पसरवी.

बाईंना पाहताच तो उभा राहिला. “बाई, बसा. च्या सांगतो.”

“चहा नको. पान तू काढलंस?”

“व्हय,” भुजंग म्हणाला.

खोटं न बोलणाऱ्या माणसाचा तपासात हाच त्रास असतो. पुढचा प्रश्न लगेच तयार ठेवावा लागतो.

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“ते न्हाई सांगनार. बेलभंडार उचललाय मी. खंडोबाची शपथ हाय, मोडली तर मेंढरं मरत्यात.”

“मेंढरं तर तुझ्या भावाकडे आहेत.”

“म्हनून तर जास्त भ्या वाटतंय. भाऊ मारंल.”

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर तो सावध झाला असता. “अरे, असा कसा अचानक बेलभंडार? दुकानात कुठून आला?”

“भंडारा माझाच, तिजोरीत असतोय. बेल त्येंचा.” भुजंग थबकला. त्याला वाटलं आपण जास्त बोललो. मग त्याला वाटलं, न्हाई, नाव तर घेतलं न्हाई. तो खुशीत आला. “पान फेकलं न्हाई बाई मी, झाकून ठेवलंय. वाईट काम वाटंनाच मला. ज्येंनी सांगितलं त्येंना रडू फुटत होतं.”

बाई उठल्या. दोन गोष्टी हातात आल्या होत्या.

पहिली अशी की सुकेशनी सुटली. ती बुद्धविहारात वाढलेली, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली मुलगी. ती कुणाला बेल हातात धरून शपथ घ्यायला लावील, हे मोंढ्यातल्या बैलांनाही पटलं नसतं. अमृत डॉक्टरांना शपथेची गरजच नव्हती. नुसता हुकूम पुरला असता, आणि बेल कसा ओळखायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसरी अशी की बेल परडीत तयार असणारं घर. जिथे रोज शिवाची पूजा होते.

अमृत डॉक्टरांचं अर्धं खरं होतं. कुणीतरी बसवंतरावांपासून काहीतरी लपवत होतं. पण तो लपवणारा दवाखान्यात नव्हता. तो बसवंतरावांच्या चुलीपाशी होता.

५

शनिवारी सकाळी बाई बसवंतरावांच्या घरी गेल्या. त्यांच्या पत्नी गौराबाईंनी दार उघडलं.

“या बाई. मालक पूजेला बसल्यात. जन्मात चुकली न्हाई त्येंची. कापूस पेटला तरी आदी पूजा, मग च्या, मग बंब.”

आतल्या खोलीतून घंटी ऐकू येत होती. परडीत बेल होता. बाईंनी आपण लिहिलेला सारांश पिशवीतून काढला. त्यांच्या मराठीचा त्यांना अभिमान होता. चौथीच्या पोराला कळेल इतकं सोपं लिहायचं, ही त्यांची प्रतिज्ञाच होती. लिहिताना ज्याच्याकडे फक्त व्याकरणापुरतं पाहिलं होतं, असं एक वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं: ‘रुग्ण जी डबी चांदीची समजत होता, ती चांदीची नव्हती. पांढऱ्या मिश्रधातूची होती आणि त्यातल्या निकेलने चट्टे उठले.’

“गौराबाई,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “डबी चांदीची नव्हती. बरोबर?”

गौराबाईंच्या हातातलं चहाचं ताट खाली टेकलं. पडलं नाही, नीट टेकलं. इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली, तो आल्यावर माणूस असंच भांडं खाली ठेवतं.

“कुनी सांगितलं?”

“तुम्ही सांगा.”

“मालकाचं आतड्याचं आप्रेशन झालं तवा. शुद्ध नव्हती त्येंना. गळ्यातलं काढा म्हनले. मी लिंग कापडात घेऊन त्येंच्या दंडाला बांधलं, अंगावरून हलू दिलं न्हाई. आन् रिकामी डबी माझ्या पदराच्या गाठीत. सासऱ्याच्या हातची डबी होती, बाई. परभणीच्या स्टँडवर गाठ सुटली. किती धुंडाळलं.” त्यांनी डोळे पुसले. “मग जत्रेतल्या दुकानातून तशीच दिसनारी आनली. डॉक्टर म्हनले होते, एवढ्यात त्येंना धक्का देऊ नका. म्हनलं, बरे झाले की सांगू. तर धक्का द्यायचा दिवस कदी आलाच न्हाई.”

“आणि म्हणून तुम्ही भुजंगाला पान काढायला लावलंत.”

गौराबाईंनी चकित होऊन पाहिलं. “कसलं पान?”

“त्या लेखाचं. मराठी.”

“मी कामून काढीन? त्यात काय लिवलंय ते मला कुटं ठावं हाय! मालक म्हनत्यात, चांदी सोसत न्हाई. मला तर हेच कोडं पडलंय बाई, आंगावर चांदी न्हाईच तर सोसायची काय न्हाई? उद्याच्या वाचनात कळंल म्हनून जीव मुठीत धरून बसले. पान गेलं तर गेलं म्हनून सुटल्यावानी झालं, खरं सांगते. पर मी न्हाई काढलं.”

नर्मदाबाईंनी चहाचा पहिला घोट घेतला. गौराबाई खरं बोलत होत्या. दुसरा घोट घेतला. तरीही खरंच बोलत होत्या.

बाईंचं सगळं गणित पाटीवरून पुसलं गेलं.

आतली घंटी थांबली. अर्ध्या उघड्या दारातून दिसलं. बसवंतरावांनी डाव्या तळहातावरचं लिंग उचलून कापडात ठेवलं, घडी घातली, गाठ मारली, गळ्यात अडकवलं. डोळे मिटलेले. बोटांना बघावं लागत नव्हतं.

बाईंचा कप हवेतच राहिला.

६

रविवारी पेढ्यांचा कार्यक्रम रद्द झाला, पण पेढे आणलेले होते. त्यामुळे बाईंनी बसवंतरावांच्याच घरी तिघांना बोलावून घेतलं. अमृत डॉक्टर आले, सुकेशनी दवाखान्यातून ॲप्रनसकट आली, भुजंग आला आणि दाराजवळ उभा राहिला. गौराबाई आतल्या उंबऱ्यावर.

“चोर सापडला,” बाई म्हणाल्या.

“कोन हाय तो हरामखोर?” बसवंतराव गरजले.

“बसवंतराव, तुमच्या फोनमध्ये इंटरनेट आहे?”

“ह्यात? ह्यात फोन लागला तरी पेढे वाटावं लागत्यात.”

“मग पान गेल्याचं तुम्हाला कळलं कसं? गुरुवारी माडी बंद होती. डॉक्टरांना माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. तुम्हाला सगळ्यांच्या आधी माहीत.”

बसवंतरावांनी मोबाईलचं रबर काढलं आणि पुन्हा चढवलं.  

“मला आधी वाटलं,” बाई म्हणाल्या, “की मराठी पान तुमच्यापासून लपवलंय. त्या पानाने धक्का बसेल असे घरात तुम्ही एकटेच, असं मी धरून चालले. आणि दुसरी चूक अशी की तुम्हाला डबीचं माहीत नाही असं धरलं. जो माणूस मुंजीच्या वयाचा असल्यापासून रोज सकाळी एकच डबी उघडतो आणि मिटतो, तिचं झाकण बदललं तर त्याला कधी कळेल?”

“त्याच सकाळी,” बसवंतराव खाली बघून म्हणाले. “दवाखान्यातून घरी आलो त्याच सकाळी. आमच्या डबीचं झाकन जरा तिरपं बसायचं. ही एकदम नीट बसली.”

उंबऱ्यावरून बारीक आवाज आला. “तुमाला ठावं होतं?”

“तुजा चेहरा बघितला आन् गप बसलो. म्हनलं, सांगंल तवा सांगंल. मग चट्टे उठले. ह्या डॉक्टरीनबाईनं सांगितलं, चांदी न्हाई, निकेल हाय. मी म्हनलो, पोरी, हे तुज्यामाज्यात. आन् गावभर चांदी-चांदी करीत फिरलो, तुला ऐकू जावं म्हनून. मालकाला काई ठावं न्हाई, असं तुला वाटावं म्हनून.” त्यांनी घसा साफ केला. “मग भुजंगानं ते मराठी पान वाचून दाखवलं. माज्याच घरात, पन्नास लोकांत, माज्याच पेढ्यावर, तुजी इज्जत जानार! वाचन तर मीच ठेवून बसलेलो. म्हनलं पान घालवा. आन् चोरी झाली म्हनून बोंब मारली की वाचनबी टळतंय.”

“पण ह्या मुलीचं काय होणार होतं, माहीत आहे?” बाईंनी सुकेशनीकडे बोट केलं. “उद्या तिच्या नावावर डाग लागणार होता. तिला सगळं कळत होतं, तरी तुमचा शब्द तिने मोडला नाही.”

बसवंतरावांना हे नवीन होतं. ते सुकेशनीकडे बघत राहिले. “कागदावरनं एक पान काढलं तर त्यात कुनाचं काय जातंय, असं वाटलं मला. पोरी, बोलली का न्हाईस गं?”

“तुम्हीच म्हणालात, तुज्यामाज्यात,” सुकेशनी म्हणाली.

अमृत डॉक्टरांनी चष्मा पुसला. आपल्या फरशीवर अजून एक ओळ कोरावी का, असा विचार त्यांच्या मनात आला आणि जागा नसल्यामुळे गेला. “बाई, उद्या सूचना लावतो. पान कार्यालयाच्या गलथानपणामुळे निघालं, लेखिकेचा दोष नाही, संमती पूर्ण आहे. पण पान परत ठेवायचं तर...” ते घोटाळले. “संमती बसवंतरावांची आहे. ती पुरते.”

“नियमाने पुरते,” नर्मदाबाई म्हणाल्या. “पण ते वाक्य मी लिहिलं तेव्हा रुग्ण एकटा असतो असं समजून लिहिलं. माणूस छापला की घरासकट छापला जातो.” त्या उंबऱ्याकडे वळल्या. “गौराबाई, तुम्ही सांगा. ठेवू, की ते वाक्य बदलू? ‘डबीतल्या निकेलमुळे’ एवढं लिहिलं तरी भागतं. खरंही राहतं.”

गौराबाई पुढे आल्या. आधी नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

“इतकी वर्सं मी एकटीच भीत बसले.”

“मी बी की.”

“तुमी कशाला भ्यायचं?”

“तू सांगशील म्हनून.”

गौराबाईंना हसू आलं आणि ते लपवायला त्यांनी पेढ्यांचं खोकं उघडलं. “वाक्य बदला बाई. डबीतलं निकेल म्हना. आन् हिच्या नावाला बट्टा लागू देऊ नका, लेकरू चांगलं हाय.” पहिला पेढा त्यांनी सुकेशनीच्या हातावर ठेवला. दुसरा भुजंगाला दिला. त्याची शपथ न मोडता सुटली होती, त्यामुळे त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

डॉक्टरांनी सूचना तिथेच लिहून सगळ्यांना वाचून दाखवली. प्रामाणिकपणा, पारदर्शकता, रुग्णाचा सन्मान, प्रसिद्ध झालेल्या मजकुरात आणि छायाचित्रात कसलाही छुपा फेरफार न करण्याची प्रतिज्ञा, असं सगळं त्यात होतं. वाचताना त्यांचा स्वतःचाच आवाज भरून आला. सुकेशनी पदराने नव्हे तर ॲप्रनने डोळे पुसत होती. बसवंतराव उठले, डॉक्टरांजवळ गेले, आणि त्यांच्या मानाने अगदी हळू, म्हणजे रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले,

“डॉक्टरसाब, आता सगळं नीट करायलावच, तर त्या फोटूत माझं पोट तेवढं जरा आत घ्या की.”